उजव्या हाताचा वास

देवरे सिस्टर मुलाचा उजवा हात आधी नाकाशी न्यायच्या आणि मग नाव विचारायच्या.

नाशिकच्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या नोकरीला होत्या, तिथे ऑपरेशन होणाऱ्या लहान मुलांची तयारी करून घेणं हे त्यांचं काम. पहिल्या मजल्यावर जिन्यालगत त्यांची खोली होती. मूल आत आलं की त्या खुर्चीवरून उठायच्या, त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या, त्याची मूठ उघडून तळहात हुंगायच्या आणि जाहीर करायच्या, “मेथीची भाजी. आणि टीव्हीसमोर बसून खाल्ली.” टीव्हीचा वास कसा येतो, हे कुठल्याही मुलाने कधी विचारलं नाही. आमच्या त्यांच्याकडे एकोणीस खेपा झाल्या. भाजी त्यांनी चौदा वेळा बरोबर ओळखली. मी मोजलं आहे.

मुलांना आपलंसं करायची ही त्यांची युक्ती असावी, असं मी माझ्या बायकोला, वैशालीला, म्हणालोही होतो. ती युक्ती नव्हती, हे कळायला मला सात महिने लागले.

आमची मुलगी मुक्ता तेव्हा साडेचार वर्षांची होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा, चष्मा लावूनही वळायचाच. डॉक्टरांनी मोजून सांगितलं, पस्तीस प्रिझम; डोळा किती वळतो त्याचं ते माप. ऑपरेशनमध्ये दोन्ही डोळ्यांचा आतल्या बाजूचा स्नायू पाच-पाच मिलिमीटर मागे सरकवायचा. मी अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे एका मिलिमीटरचे शंभर भाग करतात आणि त्यातले दोन भाग इकडेतिकडे झाले तर माल परत येतो. पाच मिलिमीटर म्हणजे माझ्या लेखी शेतच. तो आकडा ऐकल्यापासून मला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचो, कारखान्यात एकच माप तीनदा घ्यायचो. ‘पाच म्हणजे पाचच का?’ हे विचारायला मी डॉक्टरांकडे दोनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला देवरे सिस्टरांकडे पाठवलं.

“बसा,” त्या म्हणाल्या.

“नको, मी उभा राहतो. मला एवढंच विचारायचंय—”

“उभ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. उभा माणूस ऐकत नाही.”

मी बसलो. सिस्टर बुटक्या, रुंद बांध्याच्या, घोगऱ्या आवाजाच्या. खांद्यावर पिनेने लावलेलं घड्याळ, उलटं, म्हणजे मान खाली केली की त्यांना सुलटं दिसेल असं. मी प्रश्न विचारला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “पाच मिलिमीटर डॉक्टरांचे. ते त्यांच्यावर सोडा. तुमच्याकडे काम दुसरंच आहे. ऑपरेशनच्या आधी त्या डाव्या डोळ्याला कामाला लावायचंय. उजवा झाकायचा, रोज दोन तास. जमेल?”

जमेल का? मी त्याच दिवशी वही केली. तारीख, पट्टी लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, एकूण मिनिटं, शेरा. कधी एकशे अठरा मिनिटं भरली तर दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं जास्त. दोन महिन्यांनी ती वही मी सिस्टरांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मला टोपणनाव दिलं.

“वैशालीताई, तुमचे हे मोजपट्टी लग्नातही असेच होते का हो? अक्षता मोजल्या असतील.”

वैशाली हसली. मी नाही हसलो. पुढे सगळ्या दवाखान्यात मी मोजपट्टी झालो. खालचा केसपेपरवालासुद्धा “मोजपट्टी आले, सिस्टर” असं फोनवर सांगायचा.

त्या दिवशी त्यांनी मुक्ताला चटईवर बसवलं, तिच्या उजव्या डोळ्याला, मी घरी लावायचो तशीच, पट्टी लावली आणि पुढ्यात मूठभर मूग आणि मूठभर मटकी एकत्र करून ओतली. “निवड गं.” मुक्ता भराभर निवडायला लागली. मला धन्य वाटलं. सिस्टर मात्र मुगाकडे पाहतच नव्हत्या. त्या तिच्या मानेकडे पाहत होत्या.

“मान उजवीकडे का वळते तिची?”

“सवय आहे,” मी म्हणालो.

“कधीपासून?”

ते वहीत नव्हतं.

सिस्टरांनी उठून पट्टीची नाकाकडची कड बोटाने दाबून धरली. मुक्ताचा हात थांबला. मूग आणि मटकी तिला वेगळे दिसेनात. ती चाचपडायला लागली. मग रडायला. कड जराशी सुटी ठेवून, मान वळवून, ती दोन महिने चांगल्या डोळ्यानेच बघत होती. गोष्टी ऐकताना, चित्रं रंगवताना, माझ्या डोळ्यांदेखत.

“तास तुमचे भरले,” सिस्टर म्हणाल्या. “डोळ्याचे नाही भरले. पहिल्यापासून धरा.”

वहीतली ती पानं मी फाडली नाहीत. त्यांवर आडवी रेघ मारली. ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं आणि माझी अस्वस्थता दुप्पट झाली, कारण आता मला माझ्याच नोंदीचा भरवसा वाटेना. सिस्टरांचं एक वाक्य होतं. त्या ते शिकाऊ मुलींना सांगायच्या, आमच्यादेखत, आम्हाला वाईट वाटेल याची पर्वा न करता: “मुलाला खोटं सांगायचं नाही आणि आईबापाचं खरं धरायचं नाही.”

पहिला अर्धा भाग त्या फार कडकपणे पाळायच्या. दुखणार नाही, असं त्यांनी एकाही मुलाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. मुक्ताने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दुखेल. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होईल. दोन दिवस. डोळे लालभडक होतील, आरशात बघितलंस तर घाबरशील, म्हणून पहिल्या दिवशी मला विचारून बघायचं.” मुक्ता म्हणाली, “टोमॅटोसारखे?” “त्याहून थोडे कमी.” एवढ्यावर तिचं समाधान झालं. माझं व्हायला वेळ लागला.

एरवी त्यांची मराठी आपल्यासारखीच, पण मूल रडायला लागलं की त्या सटाण्याकडच्या व्हायच्या. “मी शे ना आठे,” म्हणायच्या, मी आहे ना इथे, आणि का कोण जाणे, नाशिकची, मुंबईची, कुठलीही मुलं त्या तीन-चार शब्दांना थांबायची. घरी त्यांच्या कोण होतं, मी विचारलं नाही. एक भाऊ सटाण्याजवळच्या गावी डाळिंब लावतो, एवढं कळलं, कारण हंगामात त्यांच्या टेबलाखाली खोकी असायची आणि ज्या मुलाची पट्टी महिनाभर नीट झाली त्याला एक डाळिंब मिळायचं. आईबापाला नाही.

माझ्या आईशी त्यांची गाठ एकदाच पडली. आई मखमलाबादची, माहेरी भाजीपाल्याचा मळा. तिचं पहिल्यापासून मत होतं की किंचित वाकड्या नजरेची मुलगी भाग्याची असते, देवाने दिलेलं कापू नये. एके दिवशी ती हट्टाने दवाखान्यात आली आणि हे सगळं सिस्टरांना तोंडावर सांगून मोकळी झाली. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. सिस्टरांनी आईचाही उजवा हात हातात घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, “कोथिंबीर निवडून आलात, आजी. भाग्य असेल हो. दोन्ही डोळ्यांनी बघू द्या ना तिला ते.” आई घरी येऊन म्हणाली, “बाई चांगली आहे. तोंडाची फटकळ आहे.” आईकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी सिस्टरांनी भूल द्यायचा एक मास्क घरी खेळायला दिला. “रोज लावा. बाहुलीला लावा, बापाला लावा.” मुक्ताने तो सगळ्यांना लावला, शेजारच्या मांजरालाही. मग सिस्टरांनी तिला विचारलं, “त्या दिवशी मास्कला वास कशाचा हवा? संत्रं? स्ट्रॉबेरी?”

“कोथिंबिरीचा.”

“तीस वर्षांत कुणी मागितला नव्हता,” त्या म्हणाल्या आणि टेबलावरच्या कागदावर लिहून घेतलं. कोथिंबीर.

मी घरी फ्रिजवर तक्ता लावला. दवाखान्याचा नियम असा की भुलीच्या आधी सहा तास खाणं नाही, दूध नाही. पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. आदल्या दिवशी साडेआठला जेवण. सकाळी सातला निघायचं, साडेसातला हजर. दंतमंजन, कपडे, चष्म्याची डबी, फाइल, प्रत्येकापुढे वेळ. चहा मुक्तासमोर कोणी घ्यायचा नाही, हे लाल शाईत. सकाळी सगळं तक्त्याप्रमाणे झालं. आईनेसुद्धा देव्हाऱ्यातला नैवेद्याचा पेढा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मी गाडी काढायला खाली गेलो.

दवाखान्यात पाच मुलांची यादी होती, मुक्ता सगळ्यात लहान म्हणून पहिली. ऑपरेशन करणारे डॉक्टर महिन्यातून दोनच शनिवार नाशिकला यायचे. शिकाऊ नर्सने फॉर्म पुढे केला. ‘किती तास उपाशी?’ मी लिहिलं, अकरा. खाली सही केली. माझ्या आयुष्यात मी इतक्या खात्रीने फार थोड्या ठिकाणी सही केली आहे.

मग सिस्टर आल्या. मुक्ता हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर पाय हलवत बसली होती. त्या तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, तिची मूठ उघडली, तळहात हुंगला. पुन्हा हुंगला. मान खाली करून खांद्यावरच्या घड्याळात पाहिलं.

“मुक्ता,” त्या सहज विचारल्यासारख्या म्हणाल्या, “दही आंबट होतं का गं?”

“नाही. साखर होती ना त्यात,” मुक्ता म्हणाली.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मी गाडी काढत असताना आणि ती फाइल उचलत असताना, उंबऱ्याशी, आईने नातीच्या हातावर दही-साखर ठेवली होती. परीक्षेला जाताना माझ्या हातावर ठेवायची, वडील साहेबांना भेटायला निघाले की त्यांच्या हातावर ठेवायची, तशी. मग पदराने हात पुसला होता. मी लगेच फोन लावला. आई म्हणाली, “खायला कुठे दिलंय रे मी? शकुन केला फक्त.” तिच्या मनात जराही खोट नव्हती. तक्त्यात ‘खाणं’ लिहिलं होतं. दही-साखर हे आमच्या घरात खाण्यात येतच नाही.

किती वाजता, मी विचारलं. “तुम्ही निघालात तेव्हा.” म्हणजे सहा पन्नास ते सातच्या दरम्यान.

आता जे लिहायचं आहे ते मी वैशालीशीही पुन्हा बोललेलो नाही. मी सिस्टरांना जिन्यापाशी बाजूला घेतलं आणि म्हणालो, “अर्धा चमचा तर आहे, सिस्टर. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. ती पुन्हा तयार होणार नाही. फॉर्मवर अकरा लिहिलंय. राहू दे ना तसंच.”

त्या “बसा,” म्हणाल्या. जिन्यात खुर्ची नव्हती. मी पायरीवर बसलो. त्याही शेजारी बसल्या.

“माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगी होती. मुक्ताएवढीच. तिच्या वडिलांनी सांगितलं, उपाशी आहे. मी लिहिलं, उपाशी आहे. भूल दिल्यावर दही वर आलं आणि छातीत गेलं. अकरा दिवस दुसऱ्या दवाखान्यात मशीनवर होती. वाचली. वडील खोटं बोलले नव्हते हो. त्यांना ठाऊकच नव्हतं. आजीने निघताना हातावर ठेवलं होतं.” त्या उठल्या. “तुमचं अकरा खोडा आणि त्याच्या बाजूला सही करा.”

मी खोडलं. सही केली. ती सही माझ्या कुठल्याच सहीशी जुळणार नाही.

सिस्टर डॉक्टरांकडे आणि भूल देणाऱ्या बाईंकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, फक्त एकदा त्यांचा घोगरा आवाज आला, “मी थांबते ना, तुम्ही थांबा.” बाहेर आल्या तेव्हा ठरलं होतं: मुक्ता यादीत शेवटी. सातपासून सहा तास, म्हणजे एक वाजता. बाकीची चार मुलं साडेअकरापर्यंत संपतील, पुढे दोघेही डॉक्टर दीड तास थांबतील. पण तोवर ताप आला, किंवा मुलीने कुठे काही तोंडात टाकलं, तर आज नाही.

साडेपाच तास. त्या साडेपाच तासांत मी जिना किती वेळा चढलो-उतरलो हे मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती. प्रत्येक वेळी वर आलो की आधी मुक्ताच्या तोंडाकडे बघायचो, ओठ हलतायत का. दुसऱ्या एका मुलीच्या बापाच्या हातात बिस्किटांचा पुडा दिसला तर मी त्याला ओळख ना पाळख, “आत ठेवा तो,” म्हणून दटावलं. नऊ वाजता मुक्ताने भूक लागली म्हणून सांगितलं. साडेनऊला रडून सांगितलं. दहाला ती सिस्टरांना म्हणाली, “तू वाईट आहेस.”

“आहे,” सिस्टर म्हणाल्या. “भूक लागली आहे, ते खरं आहे. मी तुला खायला देणार नाही, तेही खरं आहे. अकरापर्यंत पाणी देईन. चमचा मोठा की छोटा?”

“मोठा.”

मग त्यांनी तिला आपल्या कामाला लावलं. यादीतलं प्रत्येक मूल आत जायच्या आधी मुक्ताने त्याचा हात हुंगायचा. ती हिरव्या गाऊनमध्ये, मोठ्या माणसासारखं तोंड करून, पलंगा-पलंगापाशी जायची आणि सांगायची, “साबण.” “साबण.” “काहीच नाही.” तिसऱ्या पलंगावरच्या सात वर्षांच्या मुलीने हात मागे घेतला तर मुक्ता म्हणाली, “मी शे ना आठे.” सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

बाराला मी त्यांच्या खोलीत डोकावलो. टेबलावर त्यांचा डबा होता, कापडात बांधलेला, गाठ तशीच. शेजारी चहाचा कप, वर साय धरलेली. मी शिकाऊ नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, “त्या शेवटचं मूल बाहेर येईपर्यंत खात नाहीत. ऑपरेशनच्या दर शनिवारी.” म्हणजे एरवी साडेबाराला सोडायचा उपास त्या दिवशी आमच्या दह्यामुळे लांबला होता. हे त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

एकला पाच मिनिटं होती. सिस्टरांनी मुक्ताचा हात शेवटचा हुंगला, मग पदराआडून कोथिंबिरीची एक काडी काढली आणि मास्कवर बाहेरून चोळली. भूल देणाऱ्या बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. मुक्ताने मास्क स्वतःच्या हाताने नाकाला लावून बघितला. “आजीच्या मळ्याचा,” म्हणाली. दार लागलं. माझ्या हातात तिचा चष्मा होता, तो मी पुसत राहिलो.

ती बाहेर आली तेव्हा दोन वाजत आले होते. भुलीतून जागं होताना मुलं फार रडतात, तशी तीही रडत होती. सिस्टर पलंगाबरोबर चालत होत्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, “पाच आणि पाच. डॉक्टरांना विचारलं मी, तुम्ही विचारणारच म्हणून.” मग माझा फोन मागून घेतला आणि आईला लावला. आई सकाळपासून देवापुढून उठली नव्हती, पाण्याचा घोटही नाही. “आजी,” सिस्टर म्हणाल्या, “शकुन लागला बरं का. सहा तास उशिरा लागला, पण लागला. आता जेवून घ्या. आणि एक ऐका, यापुढे आमच्याकडे येताना दही-साखर नाही. घरी परत आल्यावर द्यायची.”

आमच्या घरात तेव्हापासून तसंच आहे. परीक्षेला जाताना नाही, परीक्षेहून आल्यावर.

मुक्ताचे डोळे दोन आठवडे लाल होते, टोमॅटोहून थोडे कमी. दीड महिन्याने माप घेतलं, चष्म्यासकट चार प्रिझम. डॉक्टर म्हणाले, उत्तम. मी घरी येऊन वहीत चार लिहिलं आणि वही मिटली.

तीन वर्षांनी देवरे सिस्टर निवृत्त झाल्या आणि भावाकडे राहायला निघाल्या. जायच्या दिवशी सकाळी, स्टँडवर जाताना, रिक्षा आमच्या दाराशी थांबवून वर आल्या. बसल्या नाहीत. मी म्हणालो, “उभ्याने निरोप घेतलेला चालतो का?” तर म्हणाल्या, “मोजपट्टी, बोलायला शिकलात.” मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून दोन्ही डोळ्यांत पाहिलं, डावा, उजवा, पुन्हा डावा. 

आई आतून वाटी घेऊन आली आणि उंबऱ्यापाशी अडखळली. “निघताना द्यायचं नाही असं ठरलंय ना आपलं,” ती मुक्ताला हळूच म्हणाली.

“अगं आजी, त्या तर घरी चालल्यात,” मुक्ता म्हणाली, आणि तिनेच चमच्याने सिस्टरांच्या उजव्या हातावर दही-साखर ठेवली.

सिस्टरांनी हात आधी नाकाशी नेला. तीसपेक्षा जास्त वर्षांची सवय. आम्ही सगळे हसलो, त्या हसल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी ते एकदा नीट हुंगलं आणि मग खाल्लं, सगळं, बोटांसकट चाटून.

मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवली. गॅलरीतून मुक्ता आणि आई हात हलवत होत्या. सिस्टरांनी वर पाहिलं नाही. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होतं, त्यांचा उजवा हात अजून नाकाशी होता.